यादीतली चोवीस मुलं

सोमवार, ३

आईच्या कपाटात शाळेच्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा निघाला, त्यातलीच ही एक. तिला जाऊन आज आठवडा झाला.

काल पाळकसाहेब घरी आले होते. रविवारी तेवीस तारखेला चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना ठेवली आहे. घरच्यांपैकी कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं. मी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. एकोणचाळीस वर्षांचा घोडा, स्वतःचं गॅरेज आहे, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की स्वतःचे बूट न्याहाळत बसतो. "ताई बोलेल. ताईचं मराठी चांगलंय," म्हणाला आणि काखा वर केल्या. म्हणजे नेहमीसारखं माझ्याच गळ्यात.

पाळकसाहेबांनी छापायच्या पत्रकाचा मसुदाही आणला होता. 'प्रेमळ आई, आदर्श शिक्षिका, मंडळीची निष्ठावंत सेविका. मुलांवर जिवापाड माया.' मी औषधाचं दुकान चालवते. बाटलीवरचं लेबल आणि आतलं औषध यात किती फरक असू शकतो ते मला चांगलं ठाऊक आहे. पण तोंडावर काय बोलणार, "छान आहे" म्हटलं.

दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. तेवढ्या वेळात मागच्या खोलीत खोक्यांवर बसून आठवेल ते लिहीन, मग त्यातून दहा मिनिटांचं काढीन. वीस दिवस आहेत. होईल.

मंगळवार, ४

आठवेल ते लिहायला बसलं की आधी रागच आठवतो, त्याला मी काय करू?

तिसरी-चौथीला आईच माझ्या वर्गावर होती. शाळेच्या फाटकाच्या आत तिला 'बाई' म्हणायचं, बाहेर पडलं की 'आई'. एकदा पडून गुडघा फुटला तेव्हा मी भर मैदानात "आई गं" म्हणून ओरडले, तर ती वाकून म्हणाली, "कोण आई?" आणि मग पदरानं रक्त पुसलं. हे सांगितलं तर लोक हसतील. मी मात्र तेव्हा हसले नव्हते.

चांगलं काय सांगावं? रविवारी चर्चच्या माडीवर ती लहान मुलांचा वर्ग घ्यायची, संडे स्कूल. पाच ते दहा वर्षांची पोरं. वर्ग सुटला की सगळी जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं उभी राहायची आणि मोजायचं काम माझं. मी एकेकाच्या डोक्यावर टपली मारत खाली यायचे. शेवटची टपली स्वतःच्या डोक्यावर, "आणि मी!" म्हणून. पोरं खिदळायची. आकडा आईच्या हजेरीशी जुळला की ती दाराची कडी काढायची. तोवर कितीही गडबड करा, कडी निघायची नाही.

हा किस्सा चांगला आहे. तिची शिस्त दिसते आणि सगळे हसतीलही. यानंच सुरुवात करीन.

गुरुवार, ६

झालं. मला वाटलंच होतं काहीतरी विघ्न येणार.

दुकान उघडायच्या आधीच पाळकसाहेबांचा फोन. बिट्टीची आई त्यांच्याकडे जाऊन आली. म्हणाली, "पत्रकावर 'मुलांवर जिवापाड माया' छापणार असाल तर खुशाल छापा. मी उपासनेला येणार, पुढच्या बाकावर बसणार आणि ते वाक्य आलं की उभी राहणार. माझ्या मुलीचा हात सगळ्यांना दाखवणार." पाळकसाहेब नवे आहेत, चारच वर्षं झाली त्यांना इथे. मलाच विचारत होते, काय प्रकरण आहे म्हणून.

प्रकरण बत्तीस वर्षांपूर्वीचं. संडे स्कूलची सहल तळ्यावर गेली होती. तेव्हाच्या पाळकांची बायको सोबत जायची होती, ती ऐन वेळी आजारी पडली. आई एकटी, पोरं चोवीस. मी अकरा वर्षांची, आईच्या हाताखाली मदतीला. संध्याकाळी गाडी परत चर्चच्या दारात आली, आयाबाप आपापली पोरं घेऊन गेले आणि बिट्टीची आई उभीच राहिली. सहा वर्षांची बिट्टी तळ्यावरच राहिली होती. पंपाच्या खोलीमागे शू करायला गेली, दगडांवरून घसरली, कोपर मोडलं, आणि वर येईपर्यंत गाडी निघून गेलेली. तिथल्या राखणदाराला ती तीन तासांनी सापडली. हाडाच्या डॉक्टरकडे पोचायला दुसरा दिवस उजाडला. हात वाकडाच बसला, आजही सरळ होत नाही.

आईनं मोजण्यात चूक केली. आमच्या घरात हे कधी कुणी बोललं नाही. बोलले ती एकटी मीच.

वीस वर्षांची होते. मला शिकायला दुसऱ्या शहरात जायचं होतं आणि आई म्हणत होती, नीट विचार कर, घाईनं उडी मारू नकोस. तेव्हा मी तिला म्हटलं, "तुला चोवीस पोरं धड मोजता आली नाहीत, तू मला विचार करायला शिकवू नकोस." ती बाबांचा शर्ट इस्त्री करत होती. तिनं तो पुरा केला, घडी घातली आणि दुसरा घेतला.

हे दहा मिनिटांत घ्यायचं नाही, उघड आहे.

शनिवार, ८

बिट्टीच्या आईकडे जाऊन आले. जाणं जिवावर आलं होतं, पण पाळकसाहेबांच्या भरवशावर बसले तर त्या दिवशी चर्चमध्ये तमाशा व्हायचा.

दार बिट्टीनंच उघडलं. तिला मी ओळखते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, कधीमधी दुकानात येते. डावा हात कोपरातून वाकलेला, पोटाशी धरलेला. ती हसून "या ना" म्हणाली. तिची आई आतून बाहेर आली. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, अजून ताठ चालते.

"मावशी," मी म्हटलं.

"मावशी म्हणू नकोस. काय काम आहे?"

"आई गेली आता. गेलेल्या माणसावर कशाला..."

"गेली म्हणूनच. जिवंत होती तोवर मी एक शब्द बोलले का? बत्तीस वर्षं एका चर्चमध्ये बसतोय आम्ही. ती डाव्या बाजूला, मी उजव्या. मी तिच्याशी बोलले नाही आणि तिच्याबद्दलही बोलले नाही. पण आता तुम्ही तिची देवी करणार आणि मी खाली बसून मान डोलवायची? ते नाही जमणार मला."

"तिच्याकडून एक चूक झाली. माणूस आहे, चुकतं."

"हेच तर. तुला सांगता येतं चुकलं म्हणून. मग सांग की तिथे उभी राहून. नुसतं माया, माया काय लावलंय?"

बिट्टी मध्येच म्हणाली, "आई, पुरे ना." तिनं ऐकलं नाही. मला पाणीसुद्धा विचारलं नाही. राग तिचा आला, तिच्यापेक्षा जास्त आईचा आला. एवढी मोठी बाई, वर्गात पेन्सिलीचा तुकडा हरवला तरी शोधून काढायची, आणि पोर हरवलं?

मंगळवार, ११

ठरवलंय, पळायचं नाही. चूक झाली हे मी स्वतःच सांगणार, पण कशामुळे झाली तेही सांगणार. एकट्या बाईवर चोवीस पोरं सोपवली कुणी? चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी. मग खापर एकटीच्या डोक्यावर का?

पाळकसाहेबांना जुनी नोंदवही काढायला लावली. पंचांच्या त्या बैठकीचा वृत्तांत मिळाला. मी उतरवून आणलाय: 'बाईंना विचारणा केली असता त्यांनी सांगितले की, गाडी सुटण्यापूर्वी मुलांची मोजणी मी स्वतः केली, अन्य कोणीही नाही. चूक पूर्णपणे माझी आहे. मंडळी देईल ती शिक्षा मान्य आहे.' खाली ठराव, संडे स्कूलच्या कामातून चार वर्षं दूर ठेवावे. आणि त्याखाली, 'बाईंनी या काळात चर्चच्या साफसफाईची जबाबदारी स्वतःहून मागून घेतली.'

ती चार वर्षं मला आठवतात. दर शनिवारी शाळेतली बाई गुडघ्यांवर बसून चर्चची फरशी पुसायची. माझ्या वर्गातल्या मुली तिथून जायच्या. मी लाजेनं मरायचे. शिक्षा संपल्यावरही तिनं ते काम सोडलं नाही, हात थकले तेव्हाच थांबली.

वृत्तांतात 'अन्य कोणीही नाही' हे मला खटकलं. कारण मी मोजलं होतं. मला चांगलं आठवतंय, मी गाडीत मोजलं, चोवीस भरले, मी आईला ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घालताना आई म्हणाली, "तू मोजलंस ते बरोबर होतं. नंतर दोन-चार पोरं पाणी प्यायला उतरली, मग मी पुन्हा मोजलं. तिथं चुकलं." म्हणजे शेवटची मोजणी तिचीच. असो, पंचांपुढे माझ्यासारख्या पोरीचं नाव कशाला घ्यायचं म्हणून घेतलं नसेल. तेवढं बरं केलं.

पण नवल आहे. एकदा मोजून बरोबर भरलेली पोरं ती पुन्हा मोजायला गेली आणि तेव्हा चुकली.

शुक्रवार, १४

माळ्यावरची आईची पेटी उतरवली. शाळेची हजेरीपत्रकं, पोरांनी काढलेली चित्रं, वाळलेले खडू. त्यात सहलीची यादी सापडली. आईच्या अक्षरात, एक ते चोवीस, प्रत्येक नावापुढे सकाळची बरोबरची खूण. धाकटा सतराव्या नंबरवर. बिट्टी तिसऱ्या.

माझं नाव नाही!

दोनदा वाचली. नाहीच. दिवसभर तिच्या मागे मागे पळणारी, पिशव्या उचलणारी, पोरांची नाकं पुसणारी मी, आणि स्वतःच्या मुलीचं नाव लिहायला बाई विसरल्या. आयुष्यभर हेच केलं तिनं. सगळ्यांची पोरं आधी, मी गृहीत धरलेली. आजच्या दिवसात एक ओळ लिहिली नाही भाषणाची. लिहावीशीच वाटेना.

रविवार, १६

आज उपासनेनंतर धाकटा जेवायला आला. मी त्याला यादी दाखवली. "बघ तुझ्या आईचं प्रेम. तू आहेस, मी नाही."

तो यादीवरून बोट फिरवत म्हणाला, "तू कशी असशील? तू तेव्हा मोठ्यांच्या वर्गात गेली होतीस ना. अकराची झालीस की वर्ग बदलतो. ही लहानांची यादी आहे."

मी म्हटलं, "बरं, ते जाऊ दे. तुला ती सहल आठवते?"

"मला फक्त उलट्या आठवतात. येताना नळाशी आई माझं तोंड धूत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग आईनं मला उचलून घेतलं, आम्ही चढलो आणि गाडी सुटली."

"मग आईनं मोजलं कधी?"

"कुठे मोजलं? ती चढली आणि दार लागलं. मोजलं तूच, मी नळावरून बघत होतो. माझ्याकडे बोट करून तेवीस म्हणालीस आणि मग नेहमीसारखं स्वतःच्या डोक्यावर..."

त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

यादीत मी नव्हते. गाडीत बावीस पोरं होती, नळाशी धाकटा, आणि मी.

सोमवार, १७

दुकान उघडलं नाही.

मंगळवार, १८

दुकान उघडलं. दिवसभर गोळ्या मोजते मी. सतरा वर्षांत एका पुडीत एक गोळी इकडची तिकडे झाली नाही, आणि त्याचा मला केवढा ताठा होता. लोकांच्या चुका काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कुणी पाणी प्यायला उतरलं नव्हतं. ती दुसरी मोजणी आईनं वेणी घालता घालता बनवली. एका दुपारी मी चुकले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती चूक तिनं माझ्याकडून काढून घेतली. मी आनंदानं देऊन टाकली. बत्तीस वर्षं मला वाटत राहिलं, मी बरोबर मोजलं आणि आईनं घोळ घातला. आणि मी ते तिच्याच तोंडावर फेकलं.

तेव्हा ती सांगू शकली असती. एक वाक्य पुरलं असतं माझं तोंड बंद करायला.

बुधवार, १९

धाकट्याशी जोरात वाजलं. फोनवर.

"तू काही बोलणार नाहीस," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला हुकूम सोडला. "आईनं जे झाकलं ते तू चर्चमध्ये उभी राहून उघडणार? तिनं काय फरशी उगाच पुसली?"

"मग बिट्टीच्या आईला उभं राहू द्यायचं? आईला सगळ्यांसमोर नावं ठेवू द्यायची?"

"बोलू दे. आईला सवय होती."

मी फोन आपटला. मग बसून विचार केला, की तो म्हणतोय तेच मलाही हवंय का? खरं लिहायचं तर हो. मला भीती वाटते. चर्चची निम्मी मंडळी माझं गिऱ्हाईक आहे. उद्या काउंटरवर पुडी घेताना प्रत्येक जण मनातल्या मनात पुन्हा मोजेल. आणि बिट्टी. तिच्या त्या हाताकडे मी कसं बघू, जो मीच...

मी गप्प बसले तर म्हणता येईल, आईच्या इच्छेचा मान राखला. किती सोयीचं आहे. तिची इच्छा आणि माझा भित्रेपणा, दोन्हींचं म्हणणं एकच.

गुरुवार, २०

दुपारी दुकान बंद करत होते तेवढ्यात बिट्टी आली. मला वाटलं, हिला कळलं.

ती म्हणाली, "मी आईला समजावतेय, पण तिचं काही खरं नाही. तुम्हाला आधीच सांगून ठेवावं म्हटलं. आणि अजून एक. बाई आमच्याकडे यायच्या हे तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"दोन वर्षं. दर शनिवारी. आई त्यांना घरात घ्यायची नाही, आम्ही व्हरांड्यात बसायचो. हाताचा व्यायाम करून घ्यायच्या. भिंतीवर खडूनं रेघ मारायच्या, म्हणायच्या, आज इथपर्यंत हात पोचव. पुढच्या शनिवारी रेघ बोटभर वर. मी रडले की त्या थांबायच्या, पण रेघ खाली आणायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले होते हात खांद्याच्या वर जाणार नाही. आता बघा." तिनं हात वर केला. कोपर वाकडंच, पण हात डोक्याच्या वर गेला. "आई दाराआडून बघायची. बाई गेल्या की व्हरांडा धुवायची."

शनिवार. म्हणजे चर्चची फरशी पुसून आई तिकडे जायची. आम्ही विचारायचो, एवढा उशीर का, तर म्हणायची, बाक जास्त होते.

बिट्टी माझ्यासमोर दोन फुटांवर उभी होती. सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हटलं, "थांब, तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी मलम देते." ती नको नको म्हणत असताना पिशवीत कोंबलं. हे असं आहे माझं धैर्य.

शनिवार, २२

पत्रक छापून आलं. 'मुलांवर जिवापाड माया' तसंच आहे. पाळकसाहेब म्हणाले, "मी काढलं असतं, पण काढावं असं मला वाटेना." मी म्हटलं, राहू द्या.

भाषण चार वेळा लिहिलं. पहिल्यात आई निर्दोष, मी बिचारी लहान. फाडलं. दुसऱ्यात मी एवढी रडले होते की ते माझंच स्मरण झालं. फाडलं. तिसऱ्यात सहलीचा उल्लेखच नाही, आणि तेच सगळ्यात छान जमलं होतं. जिन्याचा किस्सा, 'कोण आई', सगळं. ते फाडायला फार वेळ लागला. चौथं अर्ध्या पानाचं आहे.

धाकट्याला ते वाचून दाखवलं. त्यानं कागद मागून घेतला आणि पुन्हा एकदा स्वतः वाचला. मग म्हणाला, "मी पुढे बसतो. पडलीबिडलीस तर."

रविवार, २३. दुपार.

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

चर्च भरलं होतं. आईच्या शाळेतल्या बाया, तिनं शिकवलेली मोठाली माणसं, टक्कल पडलेलीसुद्धा. बिट्टीची आई सांगितल्याप्रमाणे उजवीकडे पहिल्या बाकावर. शेजारी बिट्टी, आईचा पदर धरून.

पाळकसाहेबांनी पत्रक वाचायला घेतलं. प्रेमळ आई. आदर्श शिक्षिका. निष्ठावंत सेविका. मुलांवर, म्हणाले मात्र, ती उभी राहिली. मी माझ्या जागेवरून उठले होते की नाही मला आठवत नाही, पण मी पुढे पोचले होते. माइकसुद्धा घेतला नाही. "बसू नका," मी म्हटलं. "उभ्याच राहा. मी तुमच्याशीच बोलायला आलेय."

आणि सांगितलं. यादीत चोवीस नावं होती, माझं नव्हतं. सवयीनं मी स्वतःला मोजलं. आकडा भरला, मी आईला ओरडून सांगितलं, सगळे आले. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून गाडी सोडली. तिनं मोजलंच नव्हतं. पंचांपुढे ती खोटं बोलली. मलाही खोटं सांगितलं, म्हणून मला हे मागच्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्या मुलीचा हात माझ्या चुकीनं गेला. तुम्ही बत्तीस वर्षं जिच्याशी बोलला नाहीत, तिची ती चूक नव्हती.

अर्धं पान किती लवकर संपतं. मी खाली बसायला हवं होतं, पण ती उभी होती म्हणून मीही उभी राहिले. कुणीतरी खोकलं. ती बाकातून निघाली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेली. बिट्टी मागोमाग. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, लोक कसंबसं गायले.

उपासना संपल्यावर बाहेर आले तर ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी. बिट्टीला तिनं दूर पाठवलं होतं. लोक आमच्या बाजूनं जाताना आवाज खाली आणत होते.

"अकरा वर्षांची होतीस तू," ती म्हणाली.

"हो."

"लहान होते, चुकले, असं काही म्हणू नकोस मला."

"नाही म्हणत."

ती एक पाऊल पुढे आली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"त्या संध्याकाळी मला तुझं नाव कळलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी तुला सोडलं नसतं. खोटं कशाला बोलू. शाळेच्या फाटकाशी उभी राहिले असते. जिथे दिसशील तिथे बोलले असते. अकरा वर्षांची असलीस तरी. मी तशीच होते तेव्हा. तुझ्या आईनं मला नीट ओळखलं होतं." तिनं चर्चच्या दाराकडे पाहिलं. "मी तिच्या मागे व्हरांडा धुवायची गं. ती फाटकापर्यंत पोचलेली नसायची, तिला ऐकू जायचं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला. "आत्ता नको," म्हणाली. बिट्टीला हाक मारली आणि दोघी गेल्या.

धाकटा गाडी काढून थांबला होता. वाटेत त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आईनं केलं ते बरोबर होतं. त्या बाईनं तुला फाडून खाल्लं असतं."

बरोबर होतं. त्या बाईपासून आईनं मला वाचवलं, आणि ती बाई आईला बत्तीस वर्षांत तोंडावर एक शब्द बोलली नाही. फाडून खाणारी घरात होती. नऊ वर्षांनी मोठी झाली आणि इस्त्री करणाऱ्या आईसमोर उभी राहिली. आईनं तेव्हा शर्ट पुरा केला, कारण मान वर केली असती तर मला सगळं कळलं असतं. आई, मला तेव्हा कळायला हवं होतं गं.